‘मी पाच वर्षं पुण्यात राहतोय’ हे इंग्रजीत कसं म्हणायचं? ‘आय ॲम लिव्हिंग इन पुणे फॉर फाइव्ह इयर्स’ चुकीचं का?

‘आय हॅव बीन लिव्हिंग इन पुणे फॉर फाइव्ह इयर्स’ असं म्हणा. मराठीत ‘राहतोय’ हा चालू वर्तमानकाळ मागची पाच वर्षंही पोटात घेतो. इंग्रजीत मात्र पूर्वी सुरू होऊन अजून चालू असलेल्या गोष्टीसाठी ‘हॅव बीन’ लागतं. मी मुलाखतीची तयारी करून घेते, तिथे ही चूक जवळजवळ रोज ऐकते. काही जण घाबरून ‘आय लिव्ड इन पुणे फॉर फाइव्ह इयर्स’ म्हणतात. ते जास्त घातक, कारण ऐकणाऱ्याला वाटतं की तुम्ही पुणं सोडलंत! कालावधी सांगायचा तर ‘फॉर’, सुरुवात सांगायची तर ‘सिन्स’: ‘सिन्स 2019’.

काल, गेल्या वर्षी असा संपलेला वेळ वाक्यात आला की ‘हॅव’ काढून टाका: ‘आय केम टू पुणे इन 2019’. यासाठी आपल्याच मराठीचा कान वापरा. स्वारगेटला उतरून घरी फोन करताना आपण ‘पोचलोय’ म्हणतो, म्हणजे आत्ता इथे आहे. तिथे ‘आय हॅव अराइव्ह्ड’. ‘काल रात्री दहाला पोचलो’ला ‘आय अराइव्ह्ड’. ही खूण शंभर टक्के चालत नाही, पण बरीच साथ देते.

एक अपवाद: ‘नो’, म्हणजे ओळखणे, अशा क्रियापदांना ‘बीन’ आणि ‘इंग’ लावू नका. ‘आय हॅव नोन हिम फॉर टेन इयर्स’ एवढंच.