स्वीकारायची ती तलफ, मिश्री नव्हे

प्रिय ताई,

दाढ दुखते म्हणून तेराव्या वर्षी आईने तळहातावर मिश्री ठेवली, ती आज सत्तेचाळिसाव्या वर्षीही सुटत नाही, असं तुम्ही लिहिलंय. गेल्या महिन्यात नातीने तुमची डबी उघडून दातांना बोट लावलं, तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. आणि समुपदेशक म्हणतात, ‘तलफ स्वीकारा.’ म्हणजे लावतच राहू का, असं विचारताय.

अजिबात नाही, ताई. आजवर तुम्ही ‘आठवणसुद्धा काढायची नाही’ अशी शपथ घेत आलात. चार दिवस मनाशी भांडलात, पाचव्या दिवशी थकून डबी उघडलीत. स्टीव्हन हेज या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात रुजवलेला, समुपदेशक म्हणतात तो ‘स्वीकारा’चा मानसोपचार सांगतो, की हे भांडणच सोडा. तलफ येणं तुमच्या हातात नाही, बोट कुठे जातं ते आहे.

उद्या पहाटे चहा ठेवलात की हिरड्या शिवशिवतील, तोंडाला पाणी सुटेल. तेव्हा ओट्याला टेकून नुसतं बघा. वरच्या हिरडीत शिवशिवतंय की गालाच्या आत? वाढतंय की उतरतंय? ‘मला मिश्री हवीच’ असं न म्हणता ‘तलफ आली आहे’ असं म्हणा. चहा गाळेपर्यंत बहुतेकदा जोर ओसरू लागतो. नाहीच ओसरला, तर ती शिवशिव तशीच घेऊन नातीची वेणी घालायला बसा. ज्या पोरीसाठी हे सगळं चाललंय, तिच्याच केसांत बोटं गुंतू द्या.

सिएटलच्या संशोधकांनी सिगारेट सोडू पाहणाऱ्या २,४१५ जणांवर मोबाइल अ‍ॅपमधून हे तपासलं. निकाल २०२० साली छापून आला. वर्षभराने स्वीकार शिकवणाऱ्या अ‍ॅपच्या गटातले सुमारे २८ टक्के लोक सिगारेटपासून दूर होते, तलफ टाळायला शिकवणाऱ्या अ‍ॅपच्या गटातले २१. मिश्री वेगळी, पण तंबाखू तोच. आणि बहुतेकांना तेव्हाही जमलं नव्हतं, हेही तुम्हाला सांगायलाच हवं. म्हणून एखाद्या सकाळी बोट डबीत गेलंच, तर स्वतःला शिव्याशाप देऊ नका. दुपारपासून पुन्हा सुरू करा. समुपदेशकांकडे जाणं तर सोडूच नका. मध्येच कुणाशी बोलावंसं वाटलं, तर तंबाखू सोडण्यासाठी १८००-११२-३५६ ही सरकारी मोफत हेल्पलाइन आहे.

एक गोष्ट मात्र तुम्ही पत्राच्या शेवटी ओझरती लिहिलीत: गालाच्या आत पांढरा चट्टा, तिखट लागलं की झोंबतो. ताई, तो या आठवड्यातच दातांच्या डॉक्टरांना दाखवा. सोबत लेकीला न्या, आणि मिश्री किती वर्षं लावताय ते खरं सांगा.