पहिल्या इलेक्ट्रिक रेसकारला 5 एएचचे सेल घ्यावेत की 4.2 एएचचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फॉर्म्युला स्टुडंटसाठी (विद्यार्थ्यांनी बनवलेल्या रेसकारची स्पर्धा) टीमची पहिलीच इलेक्ट्रिक गाडी, 21700 आकाराचे (21 मिमी व्यास, 70 मिमी लांबीचे दंडगोल) सेल घ्यायचं ठरलंय, आता 5 एएचचा (अँपिअर-तास) सॅमसंग 50ई घ्यायचा की 4.2 एएचचा मोलिसेल पी42ए. 50ईची क्षमता जास्त, म्हणून बहुतेकांचा कल तिकडे.

पी42ए घ्या. पण का, ते कागदावर मांडून बघा. पुढच्या वर्षी बाजारात तिसराच सेल आलेला असेल आणि हेच गणित पुन्हा करावं लागेल.

डेटाशीट उघडली की नजर आधी क्षमतेवर जाते. आमचीही गेली होती. पण बघायची ती कमाल डिस्चार्ज करंटची ओळ. 50ईला तिथे 9.8 अँपिअर आहेत, पी42एला 45. समजा पॅक 102 सिरीज, 5 पॅरलल असा आहे, म्हणजे पाच-पाच समांतर सेलचे 102 गट एकापुढे एक. सेलचे 3.6 व्होल्ट धरले तर पॅकचे होतात साधारण 367. 50ईचे पाच पॅरलल म्हणजे 49 अँपिअर, म्हणजे जेमतेम 18 किलोवॅट. नियम 80 किलोवॅटपर्यंत मुभा देतात आणि तुम्ही 18 वर अडकलात! पी42एचे पाच 225 अँपिअर देतात, म्हणजे कागदावर 82 किलोवॅट. प्रत्यक्षात लोड आला की व्होल्टेज खाली बसतं. सेल 3.2 व्होल्टवर आला तर तेच 73 किलोवॅट उरतात. पहिल्या वर्षाला तेवढे पुष्कळ झाले.

बदल्यात गमावलं काय? 50ईचा पॅक 9 किलोवॅट-तासांचा झाला असता, पी42एचा 7.7 चा होतो. 22 किलोमीटरच्या एन्ड्युरन्सला (स्पर्धेतली लांब पल्ल्याची शर्यत) एवढ्यात भागवता येतं, मात्र तुमच्या गाडीचा आकडा लॅप सिम्युलेशनमधूनच काढा, माझ्या शब्दावर जाऊ नका.

102 च का, तर सेगमेंटच्या, म्हणजे पॅक ज्या वेगवेगळ्या भागांत विभागावा लागतो त्यांच्या, नियमामुळे. नवीन टीम फक्त 120 व्होल्टची मर्यादा वाचते आणि एका सेगमेंटमध्ये खुशाल 28 सिरीज बसवते. त्याच नियमात 6 मेगाज्यूलचीही मर्यादा आहे. हिशेब कमाल व्होल्टेजवर होतो, म्हणजे एका पी42एचे 4.2 गुणिले 4.2, साधारण 17.6 वॅट-तास. 28 सिरीज आणि 5 पॅरललमध्ये ही मर्यादा केव्हाच ओलांडली जाते. 17 सिरीज, 5 पॅरलल घेतलं तर 85 सेल, साधारण 1,500 वॅट-तास, म्हणजे 5.4 मेगाज्यूल. असे सहा सेगमेंट म्हणजे 102, आणि पूर्ण चार्ज झालेला पॅक 428 व्होल्टचा, म्हणजे 600 च्या बराच आत. सेल ठरवतानाच हे करून टाका. चेसिसमध्ये पॅकची जागा ठरल्यावर सेगमेंट बदलणं म्हणजे सीटखालची सगळी मांडणी पुन्हा करणं.

आता खरी गोम. गाडी थांबते ती बहुतेक वेळा चार्ज संपून नाही, सेल तापून. तापमान 60 अंशांवर किंवा डेटाशीटच्या मर्यादेवर (जे कमी असेल ते) गेलं की बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिमने (सेलवर लक्ष ठेवणारं इलेक्ट्रॉनिक्स) शटडाउन सर्किट उघडायचं, म्हणजे हाय व्होल्टेज तोडायचं, असा नियम आहे. गणित सोपं आहे. एका सेलमधून जाणारा आरएमएस करंट (करंटच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) 10 अँपिअर धरा, जोडणीसकट रेझिस्टन्स 18 मिलिओहम. उष्णता 1.8 वॅट. ऐकायला किरकोळ वाटते. पण एन्ड्युरन्स 26 मिनिटं चालली तर ती 2,800 ज्यूल होते, आणि 70 ग्रॅमच्या सेलला एक अंश तापायला साधारण 65 ज्यूल पुरतात. हवा अजिबात खेळली नाही तर 43 अंशांची वाढ. सुरुवात 30 वर असेल तर शेवट 73 वर, म्हणजे त्याआधीच गाडी उभी. त्यातही सरासरी करंट आणि आरएमएस करंट यांत गल्लत करू नका. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, त्यामुळे वळणातून बाहेर पडतानाचे झटके सरासरीत दिसतच नाहीत.

आमची गाडी अशीच थांबली होती, तीही धावताना नाही. ड्रायव्हर बदलायला तीन मिनिटं मिळतात, त्या वेळी हाय व्होल्टेज बंद, आणि आमचे फॅन त्याच स्विचवर! सेल गरम, हवा बंद, मधल्या रांगेतला सेन्सर चढतच गेला. दुसरा ड्रायव्हर बेल्ट लावून बसला आणि गाडी सुरूच होईना. फॅन लो व्होल्टेजच्या बॅटरीवर घ्या, आणि सेन्सर मधल्या सेलवरही ठेवा. कडेचे सेल कायम गार असतात, त्यांचे आकडे बघून बरं वाटतं एवढंच.

पाउच सेलचंही (चपट्या पिशवीसारखे सेल) तुम्ही विचारलंय. वजनाला हलके, रेझिस्टन्स कमी, वेगवान टीम ते आवडीने वापरतात. पण त्यांना दोन्ही बाजूंनी सारखा दाब लागतो, ते फुगतात, टॅब तुटतात. पहिल्या वर्षी नको. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल सुरक्षित, पण जड, आणि त्याचा व्होल्टेज कर्व्ह इतका सपाट की किती चार्ज उरलाय ते कळत नाही.

खरेदी अधिकृत वितरकाकडूनच, सगळे सेल एकाच लॉटचे. सिरीजमध्ये एक जरी गट कमजोर निघाला तरी अख्खा पॅक त्याच्या चालीने चालतो. जुन्या सेलवर नवं रॅप चढवून विकणारे भरपूर आहेत. 18650 वर (21700 पेक्षा लहान आकाराचा सेल) 9800 एमएएच, म्हणजे 9.8 एएच, छापलेलं दिसलं तर हसून पुढे जा. आल्यावर प्रत्येक सेलचं वजन, व्होल्टेज आणि रेझिस्टन्स मोजून लिहून ठेवा. कंटाळवाणं काम आहे, ज्युनिअरना पिझ्झा कबूल करा.

510 सेल (102 गुणिले 5) लागणार असतील तर 560 मागवा. मोठी ऑर्डर देण्याआधी चार-पाच सुटे सेल घेऊन त्यांच्यावर सिम्युलेशनमधला करंट प्रोफाइल तसाच्या तसा चालवा, सेलवर थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) चिकटवून. स्पॉट वेल्डिंगचा सरावही फुकट गेलेल्या सेलवर करा. आमचे पहिले वीस-पंचवीस जोड हाताने ओढले की निघून यायचे.