प्रॅमिपेक्सोल कमी करून लेव्होडोपा वाढवल्यापासून बाबा रडवेले झालेत. जुनी गोळी परत सुरू करावी का?

तुम्ही लिहिलंय की बाबांना पार्किन्सन्ससाठी पाच वर्षं प्रॅमिपेक्सोल चालू होती, डॉक्टरांनी ती उतरवत आणली आणि लेव्होडोपा वाढवली. हात सुधारला, पण माणूस रडवेला आणि चिडका झाला, आणि आता घरात सगळ्यांचं एकमत आहे की 'नवीन गोळी सूट होत नाही'. हे वाक्य मी स्वतःबद्दल इतक्यांदा ऐकलंय की लिहिल्याशिवाय राहवेना. मी रुग्णाची नातेवाईक नाही, स्वतः याच आजाराची रुग्ण आहे. निदान झालं तेव्हा 51 वर्षांची होते, आता 58.

औषध बदलल्यावर जे काही होतं ते नव्या गोळीमुळेच, असं धरून चालू नका. मला जो त्रास झाला तो जुनी गोळी सुटताना झाला.

प्रॅमिपेक्सोलनं मला सुरुवातीची तीन वर्षं फार चांगली दिली. मी शाळेत मराठी शिकवायचे. फळ्यावरचं माझं अक्षर मुंगीएवढं होत चाललं होतं, शिरोरेघ ओळीच्या शेवटी कुठल्या कुठे जायची. या गोळीनं ते आवरलं, नोकरीची शेवटची वर्षं नीट पार पडली. चौथ्या वर्षी रात्री झोप मोडायला लागली आणि जाग आली की हात फोनकडे जायचा. मी लोकर मागवायचे. एकच रंग, मोरपिशी. नवऱ्यानं कपाटाचा वरचा कप्पा उघडला तेव्हा 46 गुंडे निघाले, एकाचंही प्लॅस्टिक फाडलेलं नव्हतं. एके काळी मी विणायचे, पण तोवर बोटांत सुया ठरत नव्हत्या. हे मला मागवतानाही कळत होतं. कळत असूनही बटण दाबलं जायचं, आणि दाबल्यावर दहा मिनिटं जीव शांत व्हायचा. लोकर ही दिसणारी गोष्ट. न दिसणारी म्हणजे कुणाला न सांगता मोडलेली ठेव.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा, वडिलांच्या जागी. त्यानं सगळ्यांना बसवून घेतलं आणि माझ्या तोंडावर म्हणाला, "आजार हाताला झालाय, बुद्धीला नाही. ही मस्ती आहे." मी मान खाली घालून ऐकलं, कारण मलाही तसंच वाटत होतं.

पुढे न्यूरॉलॉजिस्ट बदलले. नव्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत नवऱ्याला बाहेर बसायला सांगितलं आणि विचारलं, "रात्री जाग आल्यावर काय करता? खरेदी, जुगार, खाणं, शरीरसंबंधांची इच्छा, यातलं काही आवरेनासं झालंय का?" इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. गोळी सुरू करताना आधीच्या डॉक्टरांनी मळमळ आणि झोपेचं सांगितलं होतं, याबद्दल एक अक्षर नाही. प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल या डोपामिन अ‍ॅगोनिस्ट गोळ्या मेंदूतल्या डोपामिन या रसायनाची नक्कल करतात, आणि जिथून 'हवंसं वाटणं' चालतं त्या भागावरही त्यांचा जोर पडतो. अमेरिका आणि कॅनडातल्या 3090 रुग्णांचा एक अभ्यास 2010 साली आला. त्यात अ‍ॅगोनिस्ट घेणाऱ्यांपैकी 17 टक्के लोकांना अशी एखादी सवय जडलेली होती, न घेणाऱ्यांत 7 टक्के. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा मी त्यांच्या टेबलावर डोकं ठेवून रडले.

मग बदल सुरू झाला. दिवसाला 3 मिलिग्रॅमवरून उतरत जायचं आणि लेव्होडोपा चढवायची. इथे दादा पुन्हा आला. त्यानं कुठेतरी ऐकलं होतं की लेव्होडोपा ही शेवटची गोळी, आत्ता वापरली की पुढे उपयोग राहत नाही. हा समज फार पसरलाय आणि त्यापायी लोक वर्षानुवर्षं आखडून बसतात. नेदरलँड्समध्ये 445 रुग्णांवर झालेला अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. अर्ध्या लोकांना लेव्होडोपा लगेच दिली, अर्ध्यांना 40 आठवडे उशिरा. 80 आठवड्यांनी दोन्ही गटांची तब्येत सारखीच होती. लवकर सुरू करून रोग थांबला नाही, पण नुकसानही झालं नाही. पुढे गोळीचा असर कमी वेळ टिकतो तो मुख्यतः आजार पुढे सरकल्यामुळे. दादाला हे तीनदा सांगितलं.

चौथ्या आठवड्यात दुसरंच सुरू झालं. रात्री दोनला घामानं उशी भिजायची, छाती धडधडायची, वाटायचं काहीतरी भयंकर घडणार आहे. दिवसा कारण नसताना रडू यायचं. आणि जुनी गोळी हवी असायची, तहान लागल्यासारखी. चमत्कारिक गोष्ट ही की हात उत्तम चालत होते.

डॉक्टरांनी एक वही घालायला लावली होती. गोळीच्या आधी एक ओळ लिहायची, गोळीनंतर पाऊण तासानं तीच ओळ पुन्हा, आणि शेजारी मन कसं आहे ते एका शब्दात. गोळीचा असर उतरला की अक्षर बारीक व्हायचं, शिरोरेघ थरथरायची. पार्किन्सन्समध्ये पुष्कळांचं मनही गोळीबरोबर चढतं-उतरतं. पुढच्या गोळीच्या आधी रडू येतं आणि गोळी लागू झाली की जातं. तसं असेल तर लेव्होडोपाच्या वेळा जवळ आणून भागतं. माझ्या वहीत तसं नव्हतं. सकाळी दहाची ओळ, शिरोरेघ पट्टीनं मारल्यासारखी सरळ, आणि शेजारी 'रडले'. दुपारी दोनला तेच. म्हणजे लेव्होडोपा आपलं काम करत होती आणि ही तगमग वेगळी होती. अ‍ॅगोनिस्ट सोडताना असं होतं, याला 2010 सालीच नाव मिळालंय, आणि लेव्होडोपा वाढवून ती जात नाही. प्रामुख्यानं होते ती ज्यांना आधी अशी सवय जडलेली असते त्यांना.

मी ती वही दादासमोर ठेवली. त्यानं चष्मा लावून दोन पानं पाहिली आणि म्हणाला, "अक्षर तर छान आलंय. मग रडायला काय झालं?" जाताना वहिनीच्या पर्समधून जुन्या गोळ्यांची उरलेली पट्टी काढून त्यानं माझ्या हातात दिली. "हीच बरी होती तुला." दोन रात्री मी त्यातली गोळी घेतली. तासाभरात सगळं निवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी फोनवर लोकरीचं पान उघडलेलं होतं.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. एक पायरी मागे नेलं आणि उतरण्याचा वेग निम्मा केला. एकूण सात महिने लागले. ती गोळी सुटून आज दोन वर्षं होऊन गेली, रात्री झोप लागते, नवऱ्याशी पैशांचा हिशोब पुन्हा एकत्र बसून करते. लेव्होडोपा दिवसातून पाच वेळा लागते. असर टिकावा म्हणून मध्ये एन्टाकॅपोन जोडली, तिनं लघवी नारिंगी होते. कुणी सांगितलं नसेल तर दचकायला होतं, पण ते निरुपद्रवी आहे.

आता तुमचा प्रश्न. जुनी गोळी मनानं परत सुरू करू नका, आणि लेव्होडोपा मनानं बंद तर मुळीच करू नका. एकदम थांबवली तर ताप चढून अंग लाकडासारखं कडक होऊ शकतं, जिवावर बेततं. वही घाला, बाबांचं रडणं गोळीच्या वेळांशी जुळतं का बघा, आणि ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. किती दिवसांत बरं वाटेल म्हणाल, तर लेव्होडोपाचा एकेक डोस अर्ध्या-एक तासात लागू होतो, पण योग्य मात्रा बसायला काही आठवडे जातात. अ‍ॅगोनिस्टची तगमग महिने घेते. काहींना ती गोळी पूर्ण सोडता येतही नाही, मग डॉक्टर थोडी चालू ठेवतात. लेव्होडोपा भरल्या पोटी, विशेषतः प्रथिनांच्या जेवणाबरोबर घेतली तर कमी लागू पडते, हे तुम्हाला माहीत असेलच.

मी डॉक्टर नाही, आणि अ‍ॅगोनिस्ट घेणाऱ्या बहुतेकांना यातलं काहीच होत नाही. शिवाय नैराश्य या आजाराचाच भाग असू शकतं, त्यावर वेगळे उपचार आहेत. पण 'मनाचे खेळ' हा शब्द घरात कुणी काढला तर त्याला तिथेच थांबवा, मग तो वयानं कितीही मोठा असो. दादानं आजवर कबूल केलेलं नाही.

आणि बाबांना विचारा, गेल्या पाच वर्षांत रात्री-अपरात्री असं काही चालू होतं का जे कुणाला सांगितलं नाही. एकटे असताना विचारा, आईसमोर नको. मला दादासमोर विचारलं असतं तर मी 'नाही' म्हणाले असते.