वाचकांचे प्रश्न : गावच्या दप्तरातील सामान्य माणूस

प्रश्न : आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. इंग्लंडमधील एसेक्स काउंटीतील एका खेड्यात आम्ही नुकतेच एक जुने घर घेतले आहे. या घरात आणि या गल्लीत पूर्वी कोण राहत होते, हे जाणून घ्यावेसे वाटते. चेम्सफर्डच्या काउंटी अभिलेखागारात जा, असे शेजारी सुचवतात. परंतु तेथे जमीनदारांचेच कागद असतील असे वाटते. शिवाय या गावाशी रक्ताचे नाते नसलेल्या आम्हांला ते पाहू देतील का?

उत्तर : आपली दुसरी शंका आधी दूर करतो. काउंटी अभिलेखागार सर्वांसाठी खुले असते आणि तेथे कोणी आपली वंशावळ विचारत नाही. ओळखीचा व पत्त्याचा पुरावा दाखवून वाचकपत्र घ्यावे, वाचनकक्षात शाईचे पेन न नेता पेन्सिल न्यावी आणि जाण्यापूर्वी घरबसल्या सूची चाळून कागदांचे क्रमांक टिपून ठेवावेत, एवढी तयारी पुरते.

घराचा शोध दशांश कराच्या नकाशापासून सुरू करावा. चर्चला धान्यरूपाने द्यायचा दशांश 1836च्या कायद्याने रोख रकमेत बदलला आणि त्यासाठी गावोगावची मोजणी झाली. नकाशासोबतच्या तक्त्यात प्रत्येक तुकड्याचा मालक, प्रत्यक्ष वहिवाटदार, शेताचे नाव, पीक की कुरण आणि क्षेत्रफळ अशी नोंद असते. सातबाऱ्याची सवय असलेल्या मराठी माणसाला तो तक्ता परका वाटणार नाही. तेथे सापडलेले वहिवाटदाराचे नाव घेऊन 1841च्या जनगणनेकडे वळावे.

तथापि आपला खरा प्रश्न सामान्य माणसांविषयीचा आहे, आणि त्याचे उत्तर ज्या कागदांत आहे त्यांच्याविषयी मला मनापासून आस्था असल्याने थोडे विस्ताराने लिहितो. 1601च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशवर, म्हणजे चर्चभोवतीच्या गावावर, आपल्या गरिबांना पोसण्याची जबाबदारी टाकली आणि त्यासाठी गावकऱ्यांवर पट्टी बसवली. पैसे गावाचे, म्हणून गरीब नेमका कोणत्या गावचा हा वाद सुरू झाला, आणि 1662च्या कायद्याने परक्या गावच्या गरिबाला त्याच्या हक्काच्या गावी परत पाठवण्याची सोय केली. पाठवण्यापूर्वी न्यायदंडाधिकारी त्याची शपथेवर जबानी घेत. जन्म कोठे झाला, बाप कोणत्या गावचा, उमेदवारी कोणाकडे केली, अविवाहित असताना कोणाकडे पूर्ण वर्षभर चाकरी केली, वर्षाला दहा पौंड भाड्याचे घर कधी घेतले होते का, असे प्रश्न विचारले जात, कारण हक्काचे गाव याच गोष्टींवरून ठरे. लिहायला न येणारा शेतमजूर शेवटी सहीच्या जागी फुली करी. त्याच्या आयुष्याची एवढी सलग हकिकत कागदावर उतरण्याचा हा बहुधा एकमेव प्रसंग असे, आणि तो उद्भवला तो केवळ खर्च टाळण्याच्या गावाच्या धडपडीतून. वर्षभराच्या चाकरीने हक्क मिळतो, म्हणून मालक एक्कावन्न आठवड्यांचाच करार करीत. बायकोला नवऱ्याचे गाव लागू होई, त्यामुळे विधवेला तिने कधी पाहिलेही नसलेल्या गावी मुलांसह धाडण्याचे हुकूम सापडतात. ते वाचताना मन घट्ट करावे लागते.

एसेक्सच्या दप्तरात याहूनही मोलाची गोष्ट आहे. कामासाठी लंडनला किंवा दुसऱ्या शहरात गेलेले गरीब आपल्या मूळ गावच्या अधिकाऱ्यांना मदतीसाठी पत्रे लिहीत, आणि अशी पुष्कळ पत्रे तेथे जपली गेली आहेत. शब्द जसे बोलले जात तसेच लिहिलेले असल्याने ती मोठ्याने वाचली की अर्थ लागतो. आजारपण, थकलेले भाडे, मुलांच्या पायांत नसलेले जोडे यांचे वर्णन करून, पैसे न आल्यास आपल्याला कुटुंबासह गावी परतावे लागेल, असे त्यांत अनेकदा बजावलेले असते; कारण सगळे कुटुंब परत आले तर गावाला जास्त खर्च येईल, हे लिहिणारा आणि वाचणारा दोघेही जाणून असत. सरदारांच्या दप्तरांपेक्षा मी ही पत्रे आधी मागवीन.

शाळेची रोजनिशी मात्र विसरू नये. 1862च्या नियमांनंतर सरकारी अनुदानाच्या शाळांत मुख्याध्यापक ती ठेवू लागले. कापणी झाली की मुले सरवा वेचायला गेल्याने वर्ग ओस पडले, गोवराच्या साथीमुळे शाळा बंद ठेवली, अशा नोंदींतून गावाचे वर्ष डोळ्यांसमोर उभे राहते.

प्रश्न : जुने इंग्रजी हस्ताक्षर लागत नाही आणि तारखाही जुळत नाहीत. काय करावे?

उत्तर : मोडी शिकलेल्यांना ठाऊक असते की अक्षरापेक्षा मायना आधी ओळखावा. या जबान्यांनाही ठरावीक मायना असतो, म्हणून एकाच लेखनिकाचे पाच-सहा कागद ओळीने वाचावेत आणि अठराव्या शतकाच्या अखेरीकडून मागे जावे. न्यायालयांचे आणि जमीनदारी कचेऱ्यांचे बहुतेक कागद 1733पर्यंत लॅटिनमध्ये आहेत, हे लक्षात असू द्यावे. तारखांचे कोडे सोपे आहे. 1752पूर्वी इंग्लंडमध्ये वर्ष 25 मार्चला सुरू होई, म्हणून 10 फेब्रुवारी 1720 अशी नोंद आपल्या हिशेबाने 1721ची ठरते. शके चैत्र पाडव्याला बदलतो आणि माघ-फाल्गुन जुन्याच शकात मोजले जातात, तसाच हा प्रकार आहे.

प्रश्न : वडील साठच्या दशकात लेस्टरला आले. त्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या, घरभाड्याच्या पावत्या, मराठी पत्रे आणि तेथील गणेशोत्सवाचे जमाखर्च माझ्याकडे आहेत. अभिलेखागार असले कागद घेईल का?

उत्तर : अवश्य विचारावे, आणि तोपर्यंत एकही पावती टाकू नये. कागद कायमचे देणगी म्हणून देता येतात किंवा मालकी आपल्याकडे राखून ठेवीच्या स्वरूपात सोपवता येतात. काय ठरले ते लेखी घ्यावे. पत्रांत हयात व्यक्तींची खासगी माहिती असेल, तर ती काही वर्षे बंद ठेवण्याची अट घालता येते. कागद ज्या क्रमाने वडिलांनी ठेवले तो क्रम मोडू नये, टाचण्या गंजल्या असतील तर अलगद काढाव्यात, पण कशालाही प्लॅस्टिकचे आवरण चिकटवू नये. मराठी पत्रांसोबत प्रत्येकाचा दोन ओळींचा इंग्रजी गोषवारा जोडावा, म्हणजे सूची करणाऱ्याला ती नोंदवता येतील. छायाचित्रांतील माणसांची नावे मात्र आजच, आईला शेजारी बसवून, मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने लिहून घ्यावीत.