आजीच्या वहीतलं ‘बेकरीत देणे’

प्रिय मनवा,

आजीच्या वहीत नानकटाईच्या पानावर शेवटी ‘बेकरीत देणे’ असं लिहिलंय, म्हणजे आजी नानकटाई विकायची का, असं तू विचारलंस. आणि पाठोपाठ हेही, की तुझ्या मैत्रिणींच्या घरी नाताळात एवढी बिस्किटं भाजतात, मग आपल्या दिवाळीत सगळं तळलेलंच का?

विकायची नाही गं, उलट पैसे मोजून भाजून आणायची. साताऱ्याला आमच्या आळीत ओव्हन कुणाकडेच नव्हता. लाकडावरची भट्टी होती ती कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याकडे. दिवाळीआधीच्या दिवसांत तो लोकांची नानकटाई लावून द्यायचा. सामान आपलं, मजुरी किलोमागे. पावाला भट्टी कडक लागते, नानकटाईला मंद. म्हणून पाव निघून भट्टी जरा उतरली की दुपारी आपला नंबर.

घरून मैदा, पिठीसाखर, तूप, वेलदोड्याची पूड आणि एक रिकामा पत्र्याचा डबा घेऊन जायचं. कारागीर मोठ्या परातीत तूप आणि साखर तळहाताने फेसायचा, पांढरंशुभ्र होईपर्यंत. त्यात मैदा घालून नुसता गोळा करायचा. मळायचा नाही, मळलं की नानकटाई चिवट होते. मग लिंबाएवढ्या गोळ्या, प्रत्येकीच्या डोक्यावर अंगठ्याचा दाब आणि त्या खळग्यात एक चारोळी. पत्र्यांवर कागदाच्या चिठ्ठ्या असायच्या: कुलकर्णी, शेख, जाधव. मला तिथे बसवायचे ते राखणीला. आपल्या साजूक तुपाच्या जागी दुसऱ्या कुणाचा डालडा येऊ नये, एवढीच आजीची चिंता. बेकरीवाला हसायचा, पण प्रत्येक घरचं एकेक पोर तिथे बसलेलं असायचंच.

तुला हे नवल वाटायला नको. शाळेच्या सहलीत तुम्ही इथे जर्मनीत एका गावातलं जुनं बाकहाउस, म्हणजे गावाची सामाईक भट्टी, पाहिलंत ना? घरोघरी भट्टी ठेवण्यात आगीची भीती आणि लाकडाची नासाडी, म्हणून गावात एकच भट्टी आणि पाळीपाळीने भाजायचं. आमची बेकरी म्हणजे तेच.

आता तळण्याचं. ओव्हन नाही हे एक कारण झालं, पण मला दुसरं जास्त पटतं. फ्रिज नसताना पंधरा-वीस दिवस टिकेल असं हवं होतं. मंद आचेवर तळलेल्या चकलीत, शंकरपाळ्यात पाणी उरतच नाही, मग ते बिघडणार कसं? शिवाय पाहुणा केव्हाही यायचा.

पण आपल्याकडे भाजत नाहीत, हे मी तुला मान्य करू देणार नाही. कोकणात जून काकडी किसून, रवा आणि गूळ घालून धोंडस करतात. जाड बुडाच्या पातेल्यात मिश्रण ओतायचं, खाली मंद निखारे, वरच्या झाकणावरही निखारे. विदर्भात रोडगे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजतात. मुंबईच्या पाठारे प्रभूंची आणि सीकेप्यांची भानोली (भाजीचा किंवा कोलंबीचा तिखट केकच म्हण) अशीच, वरून-खालून आच देऊन. गोव्यात नाताळची बिबिंक तर थरावर थर अशी होते: एक थर वरच्या निखाऱ्यांवर भाजला की त्यावर तूप, मग पुढचा थर. घाई केलीस की थर एकमेकांत मिसळतात, म्हणून ज्याला धीर नाही त्याने त्या वाटेला जाऊच नये. (मी गेलेलो नाही.) आपल्या ओव्हनवर वर एक रेघ, खाली एक रेघ अशी खूण आहे ना, ती म्हणजे हेच निखारे. नानकटाईलाही तीच लाव, पंख्याची नको. पंख्याने ती वरून लवकर सुकते आणि आतून कच्ची राहते.

वहीतलं प्रमाण किलोचं आहे, कारण ते बेकरीसाठी. आपल्याला २५० ग्रॅम मैदा पुरे. इथे ४०५ नंबरचं पीठ मिळतं ते चालतं. पिठीसाखर १२५ ग्रॅम, तूप १५० ग्रॅम. घरचं तूप संपलं असलं तर बुटरश्माल्त्स घे, ते तूपच आहे, फक्त आपल्यासारखं खमंग कढवलेलं नाही. तूप थिजलेलं हवं, पातळ करू नकोस. दोन चमचे बेसन घाल. बेसनाने खुसखुशीतपणा येतो आणि वास बेकरीसारखा येतो. चिमूटभर खायचा सोडा, वेलदोडे चार-पाच, ताजे कुटून. डब्यातली जुनी पूड वापरायची असेल तर मग नाही घातली तरी चालेल.

गोळ्या चांगल्या लांब लांब ठेव, पसरतात. १६० अंशांवर अठरा ते वीस मिनिटं. वरून फार लाल होऊ देऊ नकोस, नुसत्या बदामी कडा दिसल्या की काढ. बाहेर काढल्यावर ती मऊच लागते आणि हात लावलास की मोडते. तुझा स्वभाव मला माहीत आहे, पण ट्रेवरच पूर्ण गार होऊ दे, तेव्हाच ती घट्ट होते. डोक्यावर भेगा पडल्या तर घाबरू नकोस, भेगा पडायलाच हव्यात. गुळगुळीत राहिली तर समज, तूप कमी फेसलंस.

वर्गात नेणार असशील तर चारोळी किंवा पिस्ता, काहीच लावू नकोस, तुमच्याकडे एकाला सुकामेवा चालत नाही म्हणालीस. वेलदोडा मात्र सोडू नकोस. आणि डब्यावर चिठ्ठी लाव, नाहीतर घरातल्या घरातच संपेल.

तुझा,
बाबा