वाचकांचे प्रश्न : डब्यातले बदक नाशिकला आले

प्रश्न : मुलाकडे सिएटलला गेले असताना नातवाबरोबर जिओकॅशिंगला, म्हणजे जीपीएसच्या आधाराने कुणीतरी लपवलेला डबा शोधायला गेले होते. डब्यात एक लाकडी बदक होते आणि त्याला किड्याचे चित्र असलेली धातूची पट्टी अडकवलेली होती. काही घेतले तर बदल्यात काही ठेवायचे असते, असे नातू म्हणाला. म्हणून किल्ल्यांची साखळी ठेवून मी बदक घेतले. घरी आल्यावर पट्टीवर कोरलेला क्रमांक दिसला. मी दुसऱ्याची वस्तू उचलून आणली का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : वस्तू दुसऱ्याचीच आहे, पण ती उचलण्यासाठीच ठेवलेली होती. या पट्टीला ‘ट्रॅव्हल बग’ म्हणतात. मालक ती एखाद्या वस्तूला बांधून डब्यात सोडतो आणि पुढे ज्याला ती सापडेल, त्याने ती दुसऱ्या डब्यापर्यंत पोहोचवावी अशी अपेक्षा असते. देवाणघेवाणीचा नियम तिला लागू नाही, त्यामुळे साखळी ठेवण्याची गरज नव्हती; ती एखाद्या मुलाला मिळाली असेल, तर बिघडले काहीच नाही.

आता जिओकॅशिंगच्या संकेतस्थळावर विनामूल्य खाते उघडून पट्टीवरचा क्रमांक भरा आणि सिएटलच्या त्या डब्यातून बदक घेतल्याची नोंद करा, कारण ही नोंद होत नाही तोवर मालकाच्या दृष्टीने ते अजून त्याच डब्यात आहे आणि तिथे जाणाऱ्या प्रत्येकाला ते नाहीसे झालेले दिसते. त्याच पानावर मालकाने प्रवासाचा हेतू लिहिलेला असू शकतो. बदकाला अटलांटिकच्या किनाऱ्यावर जायचे असेल, तर ते नाशिकला येणे म्हणजे उलटी वाट झाली. अशा वेळी मालकाला दोन ओळींचा संदेश पाठवून विचारावे. तसा काही हेतू नसेल, तर ॲपच्या नकाशावर दिसणाऱ्या, बदक मावेल एवढ्या डब्यात ते सोडावे. भारतात डबे विरळ आहेत, म्हणून जवळचा डबा गाठायला वेळ लागणार असेल, तर तसे नोंदीत कळवावे. देवळामागच्या झाडाखाली मात्र ते ठेवू नये; नोंदलेल्या डब्याबाहेर ठेवलेली वस्तू पुढच्या शोधकाला सापडणार कशी?

एक काळजी अवश्य घ्यावी. बदकाचे छायाचित्र टाकताना कोरलेला क्रमांक झाकावा. पानावर सर्वांना दिसणारा, ‘टीबी’ने सुरू होणारा संकेतांक वेगळा असतो, कोरलेला क्रमांक हा वस्तू प्रत्यक्ष पाहिल्याचा पुरावा मानला जातो आणि तो उघड झाला की घरबसल्या खोट्या नोंदी सुरू होतात. याला एक गमतीचा अपवाद आहे. 2021 मध्ये मंगळावर उतरलेल्या ‘पर्सिव्हिअरन्स’ या यानावर, अंतराळवीरांच्या शिरस्त्राणाच्या पॉलिकार्बोनेटच्या तुकड्यावर असाच क्रमांक कोरलेला आहे. तिथवर कोण जाणार? म्हणून यानाने पाठवलेल्या छायाचित्रांतून तो शोधून नोंदवण्याची मुभा देण्यात आली.

प्रश्न : आणि बदक माझ्याकडून हरवलेच तर?

उत्तर : मालकाला सरळ कळवावे. पट्ट्या जोडीने विकल्या जातात आणि एक मालकाकडे राहते. ती नव्या वस्तूला बांधून तो त्याच क्रमांकाचा प्रवास पुन्हा सुरू करू शकतो आणि आधीचे अंतरही नोंदीत कायम राहते.