फिलिंग डेंटिनला धरून राहतं ते कशामुळे?

दाढ कोरून झाल्यावर डॉक्टरांनी थेट सिमेंट न भरता आधी निळं जेल लावलं, धुतलं, मग ब्रशने दोनदा काहीतरी पातळसं चोळलं, मध्ये हवा मारली, लाइट धरला. एवढं सगळं खरंच लागतं का, असं तुम्ही विचारलंय. लागतं. माझ्या अनुभवात कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं फिलिंग) किती टिकणार हे बरंचसं त्या दोन-तीन मिनिटांत ठरतं.

इनॅमलचं, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कडक कवचाचं काम, त्याखालच्या डेंटिनच्या मानाने सोपं. वजनाने सुमारे 96 टक्के खनिज, सहज कोरडं होणारं. ॲसिडने ते खरबरीत केलं की रेझिन (लाइटखाली कडक होणारं प्लास्टिकसारखं द्रव्य) आत शिरून पकड घेतं. अमेरिकन दंतवैद्य ब्युओनोकोर यांनी हे 1955 मध्येच दाखवलं होतं. डेंटिनमध्ये खनिज साधारण 70 टक्के, बाकी मुख्यतः कोलॅजन (एक धागेदार प्रथिन) आणि पाणी. वर त्यातल्या सूक्ष्म नळ्या पल्पपर्यंत (दाताच्या आतल्या नसेपर्यंत) जातात आणि त्यांतून द्रव पाझरत राहतो. खड्डा जितका खोल तितक्या नळ्या दाट आणि रुंद, म्हणजे ओल जास्त. रेझिनला तर पाण्याचं वावडं. सगळी अडचण इथे आहे.

निळं जेल म्हणजे बहुधा 37 टक्क्यांच्या आसपासचं फॉस्फरिक ॲसिड. डेंटिनवर ते साधारण 15 सेकंदच ठेवतात. कोरताना साचलेला भुगा त्याने निघतो, वरच्या काही मायक्रॉनमधलं खनिज विरघळतं आणि कोलॅजनच्या धाग्यांची जाळी उघडी पडते. आता तिला आधार फक्त पाण्याचा. खडखडीत वाळवली, तर पाण्याबाहेर काढलेल्या शेवाळासारखी ती चपटी होते आणि रेझिनला शिरायला वाटच उरत नाही. म्हणून डेंटिन किंचित ओलसर ठेवायचं. पाण्याचं तळं मात्र नको.

इथे प्राइमर, म्हणजे ब्रशने चोळलेला पहिला थर, कामाला येतो. त्यातल्या हेमासारख्या रेणूचं एक टोक पाण्याशी जमवून घेतं, दुसरं रेझिनशी जोडलं जातं. ॲसिटोन किंवा अल्कोहोलसारखा द्रावक पाण्याला हुसकावत त्याला जाळीत नेतो. मग हलकी हवा मारून द्रावक उडवायचा. सुरुवातीला हवेबरोबर थराच्या लाटा पळताना दिसतात. त्या थांबल्या आणि सगळीकडे सारखी चकाकी आली की झालं. ही पायरी घाईत उरकू नये असं मी कळकळीने सांगेन, कारण द्रावक मागे राहिला तर त्यावरचा दुसरा थर, म्हणजे बाँड, नीट कडक होत नाही.

बाँड हे जास्त घट्ट, पाण्यापासून फटकून राहणारं रेझिन. लाइटखाली ते कडक झालं की कोलॅजन आणि रेझिन एकमेकांत गुंतलेला थर तयार होतो. हाच हायब्रिड लेयर. जपानी संशोधक नाकाबायाशी आणि सहकाऱ्यांनी 1982 मध्ये त्याचं वर्णन केलं. हवेतल्या ऑक्सिजनमुळे बाँडचा अगदी वरचा पापुद्रा चिकट राहतो, आणि कॉम्पोझिट त्याच्याशीच जोडलं जातं. तो पुसायचा नसतो.

सेल्फ-एच (self-etch) प्रकारच्या बाँडिंगमध्ये डेंटिनला जेल लागत नाही. आम्लधर्मी रेणू खनिज विरघळवत असतानाच आत शिरतात, आणि त्यांत एमडीपी नावाचा रेणू असेल तर कॅल्शियमशी रासायनिक बंधही जुळतो. खोल खड्ड्यात मी हाच वापरतो आणि जेल फक्त इनॅमलच्या कडांना लावतो.

या सगळ्यात लाळ किंवा रक्त लागलं की पकड ढिली पडते. डॉक्टर रबर डॅम (दात कोरडा ठेवणारा रबरी पडदा) लावतो म्हणाले, तर थोडं अवघडलं तरी नाही म्हणू नका.